मावशीचा टॉर्च

आमच्या बेकर्सफील्डच्या जुन्या बाजारात एर्लिंडा बारागानला नावाने कुणी हाक मारत नाही. पोरंसोरं, तेलविहिरींवरचे कामगार, पार्किंगचे पैसे घेणारा, अगदी तिच्याशी भांडायला आलेला माणूससुद्धा 'मावशी' म्हणूनच सुरुवात करतो. मी तिच्याहून वयाने चांगला मोठा, तरी मीही मावशीच म्हणतो. मी ऑर्व्हल, बूट दुरुस्त करणारा. गावात माझं छोटं दुकान होतं, आणि रविवारी मी बाजारात तिच्या शेजारी फळकूट टाकून बसायचो.

रविवारी सकाळी मावशीच्या जागेवर एक अख्खं घर उभं राहतं. सोफा, सोफ्याशेजारी दिवा, दिव्याखाली मेज, मेजावर कपबश्या. छप्पर तेवढं नाही. बाकीचे विक्रेते ताडपत्रीवर ढीग ओततात आणि गिऱ्हाइकाला उकिडवं बसून उकरायला लावतात. मावशी आधी 'बसा' म्हणते. माणूस एकदा सोफ्यावर टेकला की अर्धा सौदा झाला, असं तिचं म्हणणं. मागे एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. नवरा म्हणाला, सोफा जुना आहे आणि एक पाय हलतो. मावशीने त्याच्या बायकोला सांगितलं की नवरा नवा आहे तर सोफा जुनाच घे, घरात एक तरी मुरलेलं माणूस हवं. बायको हसली आणि नवऱ्याने पाकीट काढलं. हलणारा पाय मग मीच ठोकून दिला, तोही फुकट.

हे सगळं सामान येतं गाळ्यांच्या लिलावातून. घर सुटलं, नवरा-बायकोचं फाटलं, नोकरी लांबच्या गावी लागली की आमच्याकडची माणसं सामान भाड्याच्या गाळ्यात टाकतात, शटर ओढतात, कुलूप लावतात आणि म्हणतात, महिन्याभरात येऊन नेतो. पुष्कळांचा तो महिना उजाडत नाही. भाडं थकलं की नोटीस जाते, तरी कुणी आलं नाही की गाळा लिलावात निघतो. सगळ्यांसमोर कटरने कुलूप तोडतात आणि शटर वर करतात. बोली लावणाऱ्यांनी उंबऱ्याबाहेरूनच बघायचं. आत पाय टाकायचा नाही, कशाला हात लावायचा नाही. टॉर्च मारून जे दिसेल त्यावर बोली. पैसे रोख. मग स्वतःचं कुलूप लावायचं आणि गाळा झाडून रिकामा करून द्यायचा. आतून सोनं निघालं तर तुमचं, आणि घाण निघाली तरी तुमचीच.

मावशी या धंद्यात आली ती गाजरांच्या शेडमधून. अर्धी हयात ती तिथे सरकत्या पट्ट्यासमोर उभी होती. पुढून गाजरं धावत जायची आणि तिने त्यातलं किडकं, चिरलेलं गाजर चटकन उचलायचं. नवरा ट्रक चालवायचा. एकदा कांदे घेऊन उत्तरेला गेला तो तिकडेच राहिला. मेलाबिला नाही, मजेत आहे, हे ती स्वतःच सांगते. पुढे शेडमध्ये गाजरं निवडणारं यंत्र आलं. मालकाने बायकांना केक कापून निरोप दिला. मावशीने आपला तुकडा घरी आणून कोंबड्यांना घातला आणि पुढच्या रविवारपासून बाजारात तामाले, म्हणजे सारण भरून उकडलेले मक्याच्या पिठाचे उंडे, विकायला उभी राहिली. शेजारी एक जण उत्तम लोकरीची ब्लँकेटं मातीमोलाने विकत होता. कुठून आणली, तर म्हणाला, लिलावात अख्खा गाळा घेतला, त्यात निघाली. तिने त्याची सगळी ब्लँकेटं घेतली, मक्याच्या पानातल्या गरम तामाल्यांबरोबर दुपारपर्यंत दुप्पट भावाने खपवली, आणि पुढच्याच लिलावाला जाऊन हजर झाली.

पहिला गाळा तिने घेतला तो गाद्यांचा आणि टायरांचा निघाला. दाराशी दोन देखण्या खुर्च्या होत्या, त्यांना ती भुलली. टायर टाकून द्यायचे तर कचराडेपोवर उलटे आपणच पैसे भरायचे. दुसरं कुणी रडलं असतं. मावशी त्याच टायरांवर बसून जेवली. जेवता जेवता तिला मेंढ्या पाळणारा एक बास्क म्हातारा आठवला. त्याच्या गंजीवरची ताडपत्री दर हिवाळ्यात वाऱ्याने उडायची. टायर त्याला वजन म्हणून गेले. गाद्या मात्र पदरचे पैसे देऊन टाकाव्या लागल्या. तेव्हा तिने कानाला खडा लावला: दाराशी मांडलेल्या खुर्च्या बघायच्या नाहीत, खुर्च्यांच्या पायांमधून मागे काय दिसतं ते बघायचं.

हळूहळू तिची नजर बसली. बाकीचे टॉर्च गरागरा फिरवायचे. हिचा उजेड एकदा डावीकडून उजवीकडे जायचा आणि एखाद्या ठिकाणी क्षणभर थबकायचा, पट्ट्यावरच्या गाजरावर हात थबकावा तसा. त्या थबकण्यावर तिने पोरीचं शिक्षण केलं आणि घराचं छप्पर बदललं. गाळ्यात निघालेले फोटो आणि कागद कचेरीत परत द्यायचे, हा तर नियमच आहे. पण मावशी बाळाचे पहिले बूट आणि जपमाळासुद्धा परत द्यायची. बूट कशाला देतेस, ते तर नियमात नाहीत, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, विकले तर घेणार कोण, आणि जो घेईल त्याच्याशी मला धंदा करायचा नाही.

लिलावात तिची गाठ असायची रॉइस पेटिबोनशी. त्याचं जुन्या फर्निचरचं मोठं दुकान, डोक्यावर हॅट, तोंडात दात कोरायची काडी. नवं माणूस बोली लावायला लागलं की रॉइस उगाच भाव चढवायचा, त्याला दमवायचा, आणि ऐन वेळी हात खाली घेऊन कचरा त्याच्या गळ्यात मारायचा. मावशीलाही त्याने सुरुवातीला असंच चढवलं. तिने मुकाट्याने सोसलं आणि वाट बघितली. मग एका पियानोच्या गाळ्यावर तीच त्याच्याबरोबर चढत गेली, चढत गेली, आणि अचानक तिला शिंक आली. शिंकून होईपर्यंत गाळा रॉइसचा झाला होता. पियानोच्या निम्म्या पट्ट्या गायब होत्या. त्या दिवसापासून रॉइस तिला मान देऊ लागला. मान म्हणजे तिला नाडण्यासाठी जास्त कष्ट घेऊ लागला.

असं बरं चाललं होतं, आणि मग या लिलावांचे कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाले. एकेका कार्यक्रमात एकेका गाळ्यातून काय काय निघायचं! पूर्वी लिलावाला आम्ही ओळखीची मूठभर टाळकी असायची. आता गाड्यांची रांग लागायला लागली. नवे हातमोजे, नवे टॉर्च, बायको, सासू, सासूची मैत्रीण. मालातलं यांना काडीचं कळत नव्हतं. पण एक गोष्ट त्यांना पहिल्या महिन्यातच कळली: मावशीला कळतं. झालं. सगळे गाळा बघायचं सोडून तिचा टॉर्च बघायला लागले. तिचा उजेड जिथे थबकेल तिथे बोल्यांचा पाऊस. तिने आयुष्यभर टायरांवर बसून शिकावं आणि यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसावं, याचा मला फार संताप यायचा. चार महिने तिला एक धड गाळा मिळाला नाही. बाजारातल्या तिच्या घरातला आधी दिवा गेला, मग मेज गेलं. शेवटी नुसता सोफा उरला, आणि त्यावर गिऱ्हाइकाऐवजी आम्हीच दोघं बसायला लागलो.

मग मावशीने टॉर्चला खोटं बोलायला शिकवलं. एका गाळ्यात मोडकी खाट आणि खोक्यांत जुनी मासिकं होती. तिने त्या खोक्यांवर उजेड धरला, छातीवर क्रूस काढला आणि एक लांब सुस्कारा सोडला. एकसारखे शर्ट घातलेल्या दोन भावांनी त्या रद्दीला असा भाव दिला की पुकारणारा वेंडलसुद्धा अडखळला. पुढच्या वेळी एका लाकडी पेटीवर तिचा उजेड असाच रेंगाळला. पेटीत निघाल्या विटा. ज्याच्याकडे ती बघायचीही नाही असा शेजारचा गाळा तिने निवांत स्वस्तात उचलला. सोफ्याजवळ पुन्हा दिवा आला, दिव्याखाली मेज आलं.

दुधाने तोंड पोळलेले लोक मग ताकही फुंकून प्यायला लागले. मावशीचा टॉर्च खोटा, ती ज्याला पाठ दाखवते तेच घ्यायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. तेही तिने वापरून घेतलं. अट्टल कचऱ्याला पाठ दाखवून जांभया द्यायला लागली आणि लोक उड्या मारायला लागले. एकटा रॉइस यात सापडत नव्हता. मावशीचा टॉर्च कधी खरा असतो हे त्यालाही कळत नव्हतं, म्हणून तो दर वेळी थोडा भाव चढवून तिचा चेहरा बघायचा.

त्याच सुमारास माझ्यावर बेतलं. इमारतीच्या मालकाने भाडं वाढवलं तेव्हा मी दुकान बंद केलं आणि नवी जागा मिळेपर्यंत सगळं सामान एका गाळ्यात ठेवलं. महिन्याभरात येऊन नेतो, असं मीही म्हणालो होतो. आठवड्यात शिडीवरून पडलो आणि खुबा मोडला. मुलगी येऊन मला ओरेगनला घेऊन गेली. मुलगी गुणाची आहे, जावईही भला आहे. पण त्या घरात मला करण्यासारखं काही नव्हतं. खिडकीशी खुर्ची मांडून दिली होती, बाहेर सदा पाऊस, आणि घडोघडी कुणीतरी येऊन विचारायचं, बाबा, काही हवंय का? मला माझं मशीन हवं होतं.

ते मशीन माझ्या बापाचं. बिडाचं, हाताने फिरवायचं, बुटाच्या नळीत आत शिरून टाका घालणारं. धुळीच्या वादळांनी शेतं गेली त्या वर्षांत ओक्लाहोमा सोडताना बापाने ते गाडीच्या मागे बांधून आणलं. वाटेत पेट्रोलसाठी आईचा पलंग विकला, मशीन विकलं नाही. त्याच्यावर त्याने आम्हाला वाढवलं आणि मी माझ्या मुलीला. तसं मशीन आता मिळत नाही, आणि मिळालं तरी माझ्या ऐपतीत नाही.

नोटिसा गेल्या त्या बंद दुकानाच्या पत्त्यावर. मला कळलं तेव्हा लिलाव तोंडावर आला होता. काठी टेकत बसने परत आलो आणि गाळ्यांच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस वाईट नव्हता. कुलूप तुटेपर्यंत सगळे पैसे भरा आणि सामान घेऊन जा, म्हणाला. पण भाडं, भाड्यावर दंड आणि दंडावर खर्च मिळून जो आकडा झाला होता, तो भरायला मला दुसरा खुबा विकावा लागला असता. तेवढ्याला तर अख्खा गाळा लिलावात जाणार नव्हता. मी म्हटलं, मग मीच बोली लावतो. तो ओशाळून म्हणाला, ज्याचा गाळा त्याला बोली लावता येत नाही, काका, तसा नियम आहे.

तिथून थेट मावशीकडे गेलो. तिने वाटीत गरम मेनुदो, म्हणजे आतड्यांचा तिखट रस्सा, घालून पुढ्यात ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सोफ्यामागचा कोपरा तुझा. मशीन आलं तर तिथे बसून टाके घाल, नाही आलं तर जा परत पाऊस बघायला. ती गंमत करत होती, पण मला गंमत वाटली नाही. मला खरोखरच जावं लागणार होतं. बिनकामाच्या म्हाताऱ्याला बेकर्सफील्डमध्ये तरी कोण ठेवून घेणार?

अडचण आम्हा दोघांनाही दिसत होती. नुकताच एक मोठा गाळा घेतल्यामुळे तिच्या कमरेच्या पिशवीत फार काही नव्हतं. भाव जरा चढला की संपलं. दुसऱ्या कुणाला पुढे करावं तर बाजारातलं प्रत्येक तोंड रॉइसच्या ओळखीचं.

"तू पाठ फिरव," मी म्हणालो. "तुला नकोच आहे असं दाखव."

"पाठ फिरवली की ते सगळे तुटून पडतील. मी सोडते तेच तर घेतायत हल्ली."

"मग वाकून बघ. त्यांना वाटेल फसवतेस."

"त्यांना वाटेल. रॉइसला नाही वाटणार. तो चढवून बघणार, आणि तो चढला की मी संपले."

"मग काय करणार आहेस?"

"आधी तू तो मेनुदो संपव. गार झाला की चरबी धरते."

लिलावाच्या सकाळी मी तिच्या ट्रकमध्ये बसून राहिलो. ट्रक तिने गाळ्यांच्या रांगेच्या टोकाला लावला होता, काच खाली, म्हणजे मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. गर्दी मरणाची. ते दोघे शर्टवाले भाऊ होते, सासू आणि सासूची मैत्रीण होती. रॉइस काडी चघळत भिंतीला टेकून उभा होता. पहिले दोन गाळे गेले. मावशी त्यांच्याकडे फिरकलीही नाही.

मग माझ्या गाळ्याचं कुलूप तोडलं. तो आवाज मला दातात लागला. शटर वर गेलं. दाराशी गुंडाळलेला गालिचा, दुकानातली कपाटं, त्यामागे कलबुतांची खोकी. बूट ज्या लाकडी पायांवर चढवून दुरुस्त करतात ते पाय. मशीन पार मागे, घोंगडीखाली. बाहेरून कुणालाही दिसण्यासारखं नव्हतं. लोक रांगेने टॉर्च मारत पुढे गेले. मावशीची पाळी आली. शंभर डोळे तिच्या टॉर्चवर.

तिने टॉर्च बंद केला आणि खिशात टाकला. मग लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

इथे एक सांगायला हवं. आमच्या लिलावात माणूस टॉर्चने खोटं बोलतो, खांद्यांनी बोलतो, जांभईने बोलतो. तोंडाने कुणी काही बोलतच नाही. आपल्याला काय दिसलं आणि काय हवंय हे उंबऱ्यापाशी उभं राहून उघड सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मावशीनेही इतक्या वर्षांत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"ऐका रे सगळे," ती म्हणाली. "या गाळ्यात मागे घोंगडीखाली बूट शिवायचं मशीन आहे. ऑर्व्हल मोच्याचं. खुबा मोडून तो ओरेगनला मुलीकडे पडला होता, म्हणून भाडं थकलं. ते मशीन मला त्याला परत द्यायचंय. बाकी आत लाकूड आणि कातडं आहे, तुमच्या कामाचं काही नाही. तेव्हा कृपा करा आणि यावर बोली लावू नका. माझ्याकडे पैसेही जास्त नाहीत."

बाई, हे काय केलंस! मी ट्रकचं दार उघडायला गेलो तर हाताला कडीच सापडेना.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी रांग हसायला लागली. एक शर्टवाला भाऊ दुसऱ्याला म्हणाला की रद्दीच्या वेळी नुसता सुस्कारा होता, आता म्हातारा मोची आला, पुढच्या वेळी अनाथ बाळ येईल. सासूच्या मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. रॉइसने तोंडातली काडी काढली, जे तो सहसा करत नाही.

"मावशी, वर्षानुवर्षं बघतोय तुला," तो म्हणाला. "इतकं वाईट नाटक तू कधी केलं नव्हतंस."

"नाटक नाही, रॉइस. खरं सांगतेय."

"हो ना. आणि 'पैसे नाहीत' हे तर फारच खरं."

पुन्हा हशा. वेंडलने बोली मागितली. मावशीने सगळ्यात खालची बोली लावली. वेंडल त्याच्या नेहमीच्या वेगाने पुकारत राहिला, आणि मी पहिल्यांदाच त्या तोंडाला लवकर थकायला सांगत होतो. कुणी हात वर करेना. एक वार. टॉर्चबद्दल लोकांना शंका असायची, त्यामुळे कुणी ना कुणी धोका पत्करायचं. पण हे जे तिने तोंडाने सांगितलं होतं त्याबद्दल एकाच्याही मनात शंका नव्हती. ते खोटंच असणार. दोन वार. आणि तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या, नवे हातमोजे घातलेल्या एका टकल्या माणसाने हात अर्धा वर केला. त्याला बहुतेक गोष्ट खरी वाटली असावी, किंवा मशीन हवं असेल, देव जाणे.

रॉइसने त्याचं मनगट धरलं आणि खाली आणलं.

"पहिलाच लिलाव ना, दादा?" तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. "ही म्हातारी हातात देईल तो गूळ चाटायचा नाही. त्या घोंगडीखाली टायर आहेत, माझ्याकडून लिहून घे."

टकल्या माणसाने त्याचे आभार मानले. तीन वार.

मावशीने पैसे मोजून दिले, शटरला स्वतःचं कुलूप लावलं आणि ट्रक आणायला आली. मी तिला शिव्या घालायचं ठरवलं होतं. पण मी रडत होतो. ती म्हणाली, रड नंतर, आधी गालिचा उचलायला माणूस बघ.

माणूस आपणहून आला. मावशीची फजिती जवळून बघायला रॉइस मागे रेंगाळला होता. त्याने मोठ्या उत्साहाने गालिचा बाहेर ओढला, कपाटं सरकवली, आणि शेवटी टायर दाखवायला म्हणून घोंगडी स्वतःच्या हाताने उचलली.

मी काठी टाकून दिली आणि भिंत धरत आत गेलो. चाकावर हात ठेवला. धूळ होती, बाकी सगळं जागच्या जागी. फिरवलं तर फिरलं. बापाच्या वेळी करायचं तोच आवाज त्याने केला आणि मला पुढचं काही दिसेना.

रॉइस घोंगडी हातात धरून उभा होता. एकदा मशीनकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे खरंच होतं?" तो म्हणाला. "सगळंच?"

"सगळंच," मावशी म्हणाली. "तुमच्या तोंडावर एकदा खरं बोलून बघायचं होतं मला. म्हटलं, यावर तर कुणी विश्वास ठेवणार नाही."

"आणि त्या टकल्याचा हात मी..." रॉइस म्हणाला. मग तो हसायला लागला. इतका हसला की त्याला खोक्यावर बसावं लागलं. हॅट मांडीवर ठेवून डोळे पुसत तो म्हणाला की माझ्या बायकोला एवढं कळू देऊ नका, बाकी साऱ्या गावाला सांगा. मशीन ट्रकमध्ये चढवायला त्यानेच खांदा दिला.

पुढच्या रविवारी सोफ्यामागच्या कोपऱ्यात मी माझं मशीन मांडलं. मावशीने वर स्वतः एक छत्री बांधून दिली. तेल देऊन, दोरा ओवून मी बसलो तेव्हा बाजार अजून भरायचा होता, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून रॉइस पेटिबोन चालत आला. सोफ्यावर बसला, उजवा बूट काढला आणि त्याची निसटलेली टाच माझ्यापुढे धरली. किती होतील, त्याने विचारलं.

मी मावशीकडे पाहिलं. ती कपबश्या मांडत होती, पण तिचे कान इकडे होते. मी रॉइसला दुप्पट भाव सांगितला.

त्याने घासाघीस न करता दिला.